सर्वसंमतीचं बाकडं

एक लोखंडी बाकडं कुठं ठेवायचं, एवढाच प्रश्न होता. चार माणसांनी उचलायचं, कुठंतरी टेकवायचं, हात झटकायचे आणि चहाला जायचं. पण ज्याला प्लांट हेड व्हायचं असतं त्याला इतकं सोपं सुख परवडत नाही. आणि चंद्रकांत निगड्यांना प्लांट हेड व्हायचं होतं म्हणजे अगदी व्हायचंच होतं.

निगडे मूळचे वाईचे. पंजाबातल्या डेराबस्सीच्या या औषधांच्या कारखान्यात ते लागले तेव्हा त्यांच्या डोक्यावर केस होते. आता केसांच्या जागी टोपी आणि नावापुढं ‘उत्पादन व्यवस्थापक’ एवढं आलं होतं. राहायला चंदीगडला, सेक्टर अडतीसमध्ये. आधीचे प्लांट हेड निवृत्त होऊन डेहराडूनला लिची लावायला गेले आणि त्यांची खुर्ची रिकामी झाली. दावेदार दोघे. एक निगडे, दुसरा खरेदी खात्याचा अशोक नय्यर, ज्याचं हसू सकाळी गेटवर सुरू व्हायचं ते संध्याकाळी गेटवरच विझायचं.

पूर्वीचा काळ असता तर प्रश्न नव्हता. कारखाना बन्सलसाहेबांचा. सगळे त्यांना ‘बडे साहब’ म्हणत. बडे साहेबांची कारभार करण्याची एक पद्धत होती. सकाळी ते माणसाला आई-बापावरून सोलून काढायचे आणि संध्याकाळी त्याच माणसाच्या घरी पिन्नीच्या लाडवांचा डबा पाठवायचे. कामगाराच्या मुलीचं लग्न निघालं की फ्रीज त्यांचा. कुणाचा बाप वारला की सरणापाशी पहिली गाडी त्यांची. याला लोक ‘साहेबांचा स्वभाव’ म्हणायचे. हे नेतृत्वशास्त्र आहे, हे कळायला त्यांच्या मुलीला सिंगापूरला जाऊन फी भरावी लागली.

मुलगी अवनी. हुशार, कष्टाळू, आणि पीपीटीशिवाय तोंड न उघडणारी. गेल्या वर्षी तिनं कारभार हाती घेतला आणि वडिलांना आराम दिला. आराम दिला म्हणजे त्यांची केबिन काढून घेतली. तिथं आता ‘कल्पना कक्ष’ झाला होता: भिंतीवर बांबूचं चित्र आणि खाली बसायला रंगीत गोण्या. त्या गोणीत बसून कुणाला कसली कल्पना सुचल्याचं ऐकिवात नाही. बडे साहेब मात्र घरी राहत नसत. रोज सकाळी गाडीतून यायचे आणि काठी टेकत दिवसभर आवारात हिंडायचे. समोर आले की सगळे बाजूला होऊन ‘नमस्ते साहब जी’ म्हणायचे. बाजूला होणं हा आदराचा भाग झाला. बोलत कुणीच थांबायचं नाही.

तर अवनीनं सगळ्या खातेप्रमुखांना एका हॉटेलात नेलं. पडद्यावर आशिया खंड आला. आशिया खंड म्हणजे एक बांबू, एक बुद्ध आणि टाय लावलेला एक हसरा माणूस.

“हमने सब कुछ पश्चिम से उधार लिया,” अवनी म्हणाली. “अब हम एशिया से सीखेंगे.”

डेराबस्सी आशियातच आहे, हे तिच्या लक्षात आणून द्यायची कुणाची छाती झाली नाही. नय्यर तर टिपणं काढत होता.

मग वाटप झालं. नय्यरच्या वाट्याला कोरिया आला. तिथं म्हणे साहेबानं हाताखालच्यांना जेवायला न्यायचं, सोबत प्यायचं, म्हणजे घरोबा वाढतो. नय्यरनं आपलं खातं झिरकपूरच्या एका ढाब्यावर नेलं आणि एका संध्याकाळात कोरिया संपवून आला. दुसऱ्या दिवशी त्याचं अख्खं खातं डोकं धरून बसलं होतं, पण घरोबा वाढलेला दिसत होता.

निगड्यांच्या वाट्याला जपान आला.

“मिस्टर निगडे,” अवनी म्हणाली. (बैठकीत ती ‘मिस्टर’ म्हणायची, जिन्यात भेटली की ‘अंकल’.) “जापान में बॉस फ़ैसला थोपता नहीं. पेड़ हटाना हो तो पहले एक-एक जड़ के आसपास की मिट्टी ढीली करते हैं. हर आदमी से पहले अकेले में पूछते हैं. सब राज़ी, तभी फ़ैसला. आप एक छोटा फ़ैसला ऐसे करके दिखाइए. सिंगापुर से हमारे सलाहकार आने वाले हैं, वो देखेंगे.”

आणि योगायोग बघा, त्याच आठवड्यात टेंपोतून एक हिरवं लोखंडी बाकडं आलं. पाठवलं होतं बडे साहेबांनी. चिठ्ठी नाही, निरोप नाही. अवनी खूश झाली. “परफेक्ट! ये बेंच कहाँ रखनी है, सब मिलकर तय करेंगे.”

निगड्यांना मनातून हसू आलं. माणसामाणसाला आधी एकेकटं गाठून राजी करायचं, यात जपान कुठं आला? वाईला लग्नाच्या बैठकीआधी त्यांचे मामा दुसरं काय करायचे? दोन्ही घरी चहा पिऊन, मानपान, आहेर, जेवणात बासुंदी की श्रीखंड, सगळं आधीच मिटवून ठेवायचे. बैठकीत फक्त सुपाऱ्या फुटायच्या. हे तर आपल्या रक्तातच आहे, असं म्हणून निगड्यांनी टोपी नीट केली. रक्तात आहे असं ज्या ज्या गोष्टीबद्दल माणूस म्हणतो, तिथंच तो सपशेल आपटतो. पण हे सांगायला मामा हयात नव्हते.

घरी बातमी सांगितली. मंजिरी भाकरी थापत होती. “अहो, बाकडं ठेवलं की प्लांट हेड करणार? मग गोदरेजचं कपाट हलवलंत तेव्हाच राष्ट्रपती व्हायला हवे होतात.”

“बाबा, सच में?” अबोली मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीतून येतं. “एक बेंच के लिए आप पूरी फ़ैक्टरी से पूछोगे?”

“यालाच नेतृत्व म्हणतात.”

“ओके,” अबोली म्हणाली. हा शब्द ती ज्या सुरात म्हणते त्याला मराठीत ‘देवा’ म्हणतात.

दुसऱ्या दिवसापासून निगडे मुळं मोकळी करायला लागले. पहिली गाठली बलजिंदर कौर. पॅकिंग लाइनची प्रमुख, दणकट बाई, तिच्या एका हाकेत मशीन थांबतं.

“बलजिंदर जी, बेंच कँटीन की दीवार के पास रखें तो?”

“हां जी, सर. बहुत बढ़िया.”

स्टोअरवाला म्हणाला, हां जी. बॉयलरवाला म्हणाला, हां जी, वाह. कँटीनवाल्यानं तर डोळे मिटून, हात जोडून हां जी म्हटलं. दुपारपर्यंत सर्वसंमती झाली. निगड्यांना वाटलं, जपानी लोक उगाच वेळ घालवतात.

बाकडं कँटीनच्या भिंतीशी गेलं. चारची चहाची घंटा झाली. माणसं आली, पेले घेतले आणि नेहमीसारखी जमिनीवर गोल करून बसली. बाकड्यावर कुणी बसेना. निगडे खिडकीतून बघत होते. दुसऱ्या दिवशी बाकडं भिंतीकडं तोंड करून उभं होतं, आणि त्यावर कँटीनवाल्यानं वाटाणे वाळत घातले होते.

“क्यों भई, जगह पसंद नहीं आई?”

“नहीं नहीं सर, बहुत पसंद है.”

मग निगड्यांनी वेगळं विचारून पाहिलं. उन्हात ठेवू का? हां जी. सावलीत? हां जी, सावली तर उत्तमच. निगडे इरेला पेटले. “और छत पर रख दें तो?” त्यांनी बॉयलरवाल्याला विचारलं. बॉयलरवाल्यानं एकदा वर छपराकडं बघितलं आणि म्हणाला, “हां जी, हवा अच्छी आएगी.”

तेव्हा निगड्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तो काही सुखाचा प्रकाश नव्हता. ज्या कारखान्यात साहेबांचा संडास वेगळा, साहेबांचा चहाचा कप वेगळा आणि साहेब आले की खुर्चीतला माणूस उभा राहतो, तिथं साहेबानं विचारल्यावर ‘नाही’ कोण म्हणणार? वर्षानुवर्षं ज्यांच्या तोंडातून ‘नाही’ काढून घेतलं, त्यांच्याकडं आता संमती मागत हिंडायचं! पण हे सिंगापूरच्या पडद्यावर नसतं.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या धालीवाल अंकलनी त्यांना पकडलं. अंकल सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते, सल्ला द्यायचं काम मात्र अजून पूर्ण वेळ चालू होतं. “ओ निगडे साब, किसी से मत पूछो. रख दो. जो बैठे, उसकी. हमारे दफ़्तर में एक बार पूछा था कि पंखा किधर लगाएँ. मैं रिटायर हो गया, पंखा अभी डब्बे में है.”

वरच्या मजल्यावर मयुरेश राहायचा. सांगलीचा पोरगा, मोहालीत आयटीत. तो म्हणाला, “काका, सोपंय. ग्रुपवर पोल टाका. नाव न दिसता मत देता येतं. पक्कं काम होतं.”

निगड्यांनी त्याच्याकडूनच पोल बनवून घेऊन कारखान्याच्या ग्रुपवर टाकला. जागा चार, मत एक द्यायचं. पण मयुरेशनं एकापेक्षा जास्त मतं देता येतील अशी खूण ठेवून दिली होती. कारखान्यातल्या सगळ्यांनी चारही जागांना मत दिलं. कुणाचं मन दुखावायला नको. खाली गुलाबाची फुलं, हात जोडलेले, आणि पॅकिंगच्या एकीनं ‘सत श्री अकाल सर जी’ लिहून नातवाच्या वाढदिवसाचा फोटो टाकला.

आता निगडे चिडले. चिडून त्यांनी स्वतःच जागा निवडली: गेटजवळच्या वजनकाट्याशेजारी एक धरेकाचं, म्हणजे बकाण निंबाचं, झाड आहे, त्याच्या बुंध्याशी. सावली दाट, वारा बरा. बाकडं तिथं जाऊन टेकतंय तोच सुरक्षा अधिकारी धावत आला. झाडाच्या पोटाशी हिरवी पाटी होती: आग लागल्यास इथं जमावे.

“सर, यहाँ फ़र्नीचर मना है. आग लगी तो लोग बैठ जाएँगे.”

“आग लगने पर बैठेंगे? उन्हें बैठकर क्या करना है?”

“सर, नियम है.” मग त्यानं आवाज उतरवला. “वैसे आप कहें तो... हां जी.”

ते ‘हां जी’ ऐकून निगड्यांच्या मस्तकात अशी काही कळ गेली की ते चार माणसांकडून बाकडं उचलवून थेट स्टोअरला निघाले. स्टोअरवाल्यानं ते आत घ्यायला नकार दिला. बाकडं बिलाशिवाय आलेलं, त्याला नंबर नाही, म्हणजे कागदोपत्री ते कारखान्यात आलेलंच नाही. जे आलेलं नाही ते ठेवायचं कुठं? मग बाहेर न्यावं म्हटलं तर गेटवाला गेटपास मागू लागला. न आलेल्या वस्तूला बाहेर जायचा पास मिळत नाही. निगडे बराच वेळ गेटशी बाकड्यावर बसून राहिले. एवढ्या दिवसांत त्याच्यावर बसलेले ते पहिलेच.

बडे साहेब काठी टेकत आले. निगडे ताडकन उठले. “नमस्ते साहब जी.”

“निगडे, वो बेंच...”

“हां जी साहब, हो जाएगा. आप बिल्कुल चिंता मत करो,” असं म्हणून निगडे बाजूला झाले. साहेबांनी बाकड्याकडं पाहिलं आणि ते पुढं गेले. हे याआधीही दोनतीनदा झालं होतं. म्हातारा माणूस, त्याला काय त्रास द्यायचा? साहेबांना विचारायचं नसतं. साहेब सांगत असतात.

आणि एकदाचा तो दिवस उजाडला. सिंगापूरचे सल्लागार आले. उंच, गोरे, मूळचे लुधियान्याचे निघाले, पण पंजाबी सिंगापूरला विसरून आले होते. निगड्यांनी तोवर अशी जागा शोधली होती जिला कुणाची हरकत असणंच शक्य नव्हतं, कारण ती कुणालाच नको होती: आवाराच्या मधोमध. ना ऊन, ना सावली. ना बायकांची, ना पुरुषांची. बाकडं तिथं एकटं उभं होतं, लग्नात उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं.

“ये सबकी सहमती से तय हुआ है,” निगडे म्हणाले. नय्यर शेजारी उभा राहून कोरियन पद्धतीनं हसत होता.

“ब्यूटिफुल,” सल्लागार म्हणाले. “पर यहाँ कोई बैठा क्यों नहीं?”

उत्तर द्यायची वेळ आली नाही. गेटमधून डेराबस्सीचा सगळ्यात लांब ट्रक आत शिरला. आवाराची मधली जागा कुणालाच का नको होती ते तेव्हा कळलं. ट्रक तिथं वळतो. ड्रायव्हरनं असा भोंगा दिला की सल्लागारांनी टाय धरला.

“ओए! ये किस बेवकूफ़ ने रखी है?” ड्रायव्हर ओरडला. तो कारखान्याचा नोकर नव्हता, त्याला खरं बोलायची मुभा होती.

पॅकिंगच्या बायका धावल्या, बॉयलरवाला धावला, सगळ्यांनी बाकडं उचललं. आणि मग गंमत झाली. हातात ओझं, मागं भोंगा, साहेबांच्या तोंडाकडं बघायला वेळ नाही. सगळे एकदम बोलायला लागले.

“ओ इधर लाओ, धूप में! सर्दी आ रही है!”

“धूप में तेरी माँ बैठेगी? जून में क्या करेगी?”

“कँटीन के पास तो धुआँ है, मैंने पहले ही कहना था!”

“तो कहा क्यों नहीं?” बलजिंदर कौर ओरडली.

“तूने कहा?”

“सर पूछ रहे थे, सर को ना कैसे बोलूँ!”

इतके दिवस जिच्यासाठी निगड्यांनी चपला झिजवल्या ती चर्चा शेवटी चालू झाली होती, आणि तिच्यात त्यांचं काहीच काम नव्हतं.

“चुप!”

आवारातला प्रत्येक माणूस जागच्या जागी थिजला. तो आवाज वर्षभर कुणी ऐकला नव्हता. बडे साहेब धरेकाच्या झाडाशी उभे होते. त्यांनी काठी जमिनीवर आपटली, हिरव्या पाटीपासून हातभर पलीकडं. “यहाँ रखो.”

बाकडं तिथं आलं. साहेब हळूच बसले, गुडघ्यांवर हात ठेवले आणि एक लांब श्वास सोडला. तिथून गेट दिसत होतं, वजनकाटा दिसत होता, पॅकिंगचं दार दिसत होतं.

“ये मैंने अपने बैठने के लिए बनवाई थी,” ते म्हणाले.

ट्रकवाल्यानं इंजिन बंद केलं.

“पूरी फ़ैक्टरी से पूछा. बॉयलर वाले से पूछा. गेट के कुत्ते से भी पूछा होगा. मुझसे किसी ने पूछा? निगडे, मैं तेरे पास कितनी बार आया? तू हर बार क्या बोला?”

निगड्यांना आठवलं ते काय बोलले होते. कान तापले. इतके दिवस दुसऱ्यांच्या ‘हां जी’वर कपाळ बडवलं, आणि सगळ्यात गुळगुळीत ‘हां जी’ त्यांनी स्वतःच, सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला ऐकवलं होतं.

“पापा,” अवनी हळू म्हणाली, “वो आइडिया वाला कमरा तो है ना...”

“कमरा? उस बोरी में एक बार बैठा था, पुत्तर. निकालने को दो आदमी लगे.”

अवनी वडिलांशेजारी बाकड्यावर बसली. बसल्यावर तीच त्या कारखान्यातली सगळ्यात लहान मुलगी दिसत होती. सल्लागार मात्र भारावून गेले होते. आधी सगळ्यांची खुली चर्चा, मग वडीलधाऱ्याचा शब्द, हाच तर आशिया! असं नाट्य त्यांनी टोकियोतही पाहिलं नव्हतं. निगड्यांनी हे सगळं मुद्दाम घडवून आणलं असं त्यांनी ठरवून टाकलं, आणि निगड्यांनी त्यांना दुरुस्त केलं नाही. माणूस अगदीच हरिश्चंद्र असून चालत नाही.

“इसको बना दे हेड,” साहेब अवनीला म्हणाले. “ग़लती करता है पर मुँह दिखाता है. वो दूसरा तो बस हँसता है.”

नय्यरचं हसू त्या दिवशी प्रथमच गेटआधी विझलं.

“पापा, ऐसे नहीं होता. प्रोसेस है. सबसे पूछना पड़ेगा.”

साहेबांनी आवाराकडं तोंड केलं. “क्यों भई, निगडे ठीक है?”

“हां जी!” अख्खं आवार गरजलं.

निगड्यांनी त्या ‘हां जी’कडं निरखून पाहिलं. छपरावर बाकडं ठेवायलाही त्यांनी असंच ‘हां जी’ मिळवलं होतं. त्यांनी बलजिंदरकडं बघितलं. तिनं ओढणी तोंडाला लावली होती. “सर, सच बताऊँ?” तिनं विचारलं. “रहने दो,” निगडे घाईनं म्हणाले.

घरी मंजिरीनं शिरा केला. धालीवाल अंकल वर येऊन म्हणाले, बघा, मी सांगितलं होतं, कुणाला विचारू नका. मयुरेशनं पोल अजून चालू असल्याचं कळवलं.

निगडे प्लांट हेड झाले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी साहेबांच्या संडासाची पाटी काढून टाकली. नेतृत्व वगैरे काही नाही, आधीच करायला हवं होतं म्हणून. मग एकदा माल अडकला, रविवारी काम करावं लागणार होतं. त्यांनी बलजिंदर कौरला विचारलं, आणि सवयीनं उत्तराची वाटही न पाहता निघाले.

“ना जी,” मागून आवाज आला. “इतवार को मेरी ननद की बेटी का रोका है. शनिवार को देर तक रुक जाऊँगी.”

निगडे वळले. बलजिंदर जराही न कचरता उभी होती. माल शनिवारी कसा निघेल याचं गणित त्यांच्या डोक्यात सुरू झालं, पण चेहऱ्यावर असं काही हसू पसरलं की ती गोंधळली. त्या दिवशी ते घरी जाऊन शिट्टी वाजवत होते. “काय झालं?” मंजिरीनं विचारलं. “आज मला कुणीतरी ‘नाही’ म्हणालं,” निगडे म्हणाले. मंजिरीनं त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.

आणि चारची चहाची घंटा झाली की प्लांट हेडना धरेकाखालच्या बाकड्यावर हजर राहावं लागतं. याबद्दल त्यांची संमती कुणी घेतली नाही. एका बाजूला काठी, एका बाजूला साहेब, मध्ये चहाचे दोन पेले. साहेबांसाठी वेगळा कप आता येत नाही. समोर बायका गोल करून बसतात आणि आता साहेबलोक आलेत म्हणून गप्प होत नाहीत. साहेब गोष्ट सांगतात. पहिलं मशीन लुधियान्याहून कसं आणलं, घग्गर नदीला पूर आला होता, मशीन ट्रॉलीवर आणि ट्रॉली पाण्यात, आणि वर ते स्वतः छत्री धरून बसले होते, मशीन भिजू नये म्हणून.

निगड्यांना ही गोष्ट आता छत्रीच्या रंगासकट पाठ आहे.

“ये बात तुझे पहले सुनाई थी क्या, निगडे?” साहेब मध्येच थांबून विचारतात.

निगडे चहाचा घोट घेतात. धरेकाची पिकली पिवळी फळं टप्पकन कुठंतरी पडतात.

“ना जी,” ते म्हणतात.